चार बोटं उजवीकडे

डनमोर, इलिनॉय
२४ जून १९५८

प्रिय ऑरिन,

पोचलो एकदाचा. बस दोनदा बंद पडली आणि शेजारी बसलेल्या बाईंनी अख्खं आयोवा पार होईपर्यंत मला आपल्या जावयाची गाऱ्हाणी ऐकवली. शेवटी शेवटी तर त्या जावयाला न भेटताच मी त्याच्या बाजूचा झालो.

इथला बेसबॉल क्लब आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा आहे हे आंघोळीच्या वेळी कळतं. गरम पाणी येतं, आणि ते येतच राहतं. मैदानावरचे दिवे इतके लख्ख की चेंडूची शिवण मोजावी. हे सगळं तुला जळवायलाच लिहितोय, तेव्हा मनासारखा जळ.

इथल्या मॅनेजरला मी तुझे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले: नऊ विजय, दोन पराभव, सामन्याला नऊ अशा शहाण्णव इनिंगमध्ये फक्त पंधरा वॉक, म्हणजे चेंडू भरकटला म्हणून फुकट बेसवर चालत गेलेले फक्त पंधरा जण. तो म्हणाला, हा चेंडू फेकणारा पिचर आहे की सुईत दोरा ओवणारी बाई? मी म्हटलं, थांबा, वर्षभरात तुमच्या दारात आणून उभा करतो.

तुझे चेंडू पकडायला माझ्या जागी कॅचर म्हणून ड्युएन पिकेट आला ना? त्याला मी मार्चच्या सरावात पाहिलंय. पोरगा गुणी आहे, पण पुस्तकी. एकदा हातातला मोजा, ते मिट, समोर धरलं की पुतळा. त्याला थोडं सांभाळून घे. आणि काही बिनसलं तर आधी मला कळव, स्किपकडे जाऊ नकोस. स्किप हॅबरमन मॅनेजर म्हणून भला माणूस आहे, पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध असतं, ते म्हणजे आणखी चेंडू फेक.

आर्डिसला सांग, तुझ्या नवऱ्याला आता कोणी हसवणारं उरलं नाही, ती जबाबदारी तिची.

तुझा,
लायल

•

कॉलिन्स फोर्क, नेब्रास्का
२ जुलै १९५८

प्रिय लायल,

पत्र मिळालं. गरम पाण्याबद्दल अभिनंदन.

ड्युएन चांगला आहे. सभ्य आहे, बूट पुसून बसमध्ये चढतो. शुक्रवारी त्याच्याबरोबर पहिला सामना झाला. मी पाच वॉक दिले. पाच जणांनी बॅट गवतात टाकली आणि जेवण झाल्यावर फेरी मारायला निघाल्यासारखे पहिल्या बेसवर चालत गेले. मंगळवारी सात. दोन्ही सामने हरलो.

कळत नाही काय होतंय. चेंडू हातातून पूर्वी सुटायचा तसाच सुटतो. माझी सवय तुला ठाऊकच आहे, फेकताना मान दुसऱ्या बेसकडे वळते आणि क्षणभर समोरचं काहीच दिसत नाही. पूर्वी मान परत वळायची तेव्हा चेंडू तुझ्या मिटमध्ये जाऊन बसत असायचा आणि मिट जागचं हललेलं नसायचं. आता बघतो तर ड्युएनचं मिट सरकत असतं. थोडंसंच, चार बोटं. पण तेवढ्यावर अंपायर चेंडू चांगला म्हणून हात वर करत नाही.

वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण काही वाटलं नाही. सामन्यानंतर हॅमचं सँडविच खाल्लं आणि झोपलो.

ऑरिन

•

डनमोर
७ जुलै १९५८

प्रिय ऑरिन,

दोन सामन्यांवरून तू स्वतःच्या मयताची तयारी करायला लागलास. लेका, दोन सामने म्हणजे हंगाम नव्हे.

आधी नखं बघ. मधल्या बोटाचं वाढलं असेल. मग बूट बघ. मग पोट. त्या मिसेस फिंचच्या खाणावळीत शुक्रवारी जो मासा मिळतो, तो खाऊन माझेसुद्धा चेंडू भरकटले असते. आर्डिसला म्हणावं, एक दिवस तिच्या आईच्या पद्धतीची ती खसखशीची कोलाची, गोड पावाची, कर आणि सहाच्या सहा तूच खा. तुम्हा चेक लोकांचं अर्धं दुखणं तिथे बरं होतं.

पायाला हात लावू नकोस. म्हणजे उभं राहायची जागा, पवित्रा, मान वळवणं, काहीही बदलू नकोस. ड्युएनला तुझी सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतील. तेवढं होऊ दे.

इथे माझं बरं चाललंय. गेल्या आठवड्यात एका पिचरने मला विचारलं, माझ्या चेंडूत काही खोट आहे का. मी म्हटलं, तुझ्यासारखा चेंडू मी जन्मात पाहिला नाही. ते खरंही होतं, इतका वाईट पाहिला नव्हता. पण तो खूश होऊन गेला आणि त्या दिवशी जिंकला. आपल्या धंद्यात असंच असतं.

तुझा,
लायल

•

कॉलिन्स फोर्क
१८ जुलै १९५८

प्रिय लायल,

नखं ठीक आहेत. कोलाची खाल्ल्या.

तू गेल्यापासूनचा हिशेब असा: सहा सामने, एक विजय, पाच पराभव, सव्वीस इनिंग, एकतीस वॉक. तिसऱ्या बेसमागे बसणारा बियाण्यांचा दुकानदार क्रोगर आठवतो? मी कोणाला बाद केलं की तो गाईच्या गळ्यातली घंटा वाजवायचा. आता वॉक दिला की वाजवतो. मला भेटून म्हणाला, राग मानू नकोस, तुझ्यासाठीच विकत घेतली होती, घरी ठेवून काय करू?

मिसेस फिंच सकाळी न्याहारीच्या ताटाशेजारी पेपर खेळाच्या पानावर घडी घालून ठेवायच्या. हल्ली म्हणतात, पेपरवाला आलाच नाही. काल कांद्याची सालं त्याच दिवसाच्या पेपरात गुंडाळलेली दिसली.

आर्डिस टेबॉर क्रीकला माहेरी गेलीय. तिच्या वडिलांच्या डेअरीत दुधाच्या गाडीवर माणूस हवा आहे. हे तिने भांडून सांगितलं असतं तर मलाही भांडता आलं असतं. तिने माझे शर्ट इस्त्री करता करता सांगितलं, आणि इस्त्री करून झाल्यावर बॅग भरली. मी तिला बसपर्यंत सोडलं.

१ ऑगस्टला मुख्य क्लबकडून मिस्टर थॉर्न येणार आहेत. आमच्यातलं कोण पुढच्या वर्षी राहणार आणि कोणाला नारळ देणार ते तेच ठरवणार. स्किपने त्या दिवशी मलाच उतरवायचं कबूल केलंय. म्हणाला, पोरा, तुझे जुने आकडे त्यांना पाठ आहेत, एक सामना धड फेकलास तरी मधलं सगळं माफ होईल. नाही जमलं तर मी सासऱ्यांकडे दूध घालणार. लायल, मला सगळ्यात विचित्र हे वाटतं की मी त्यालाही हो म्हणेन आणि मला त्याचं काही वाटणार नाही. पाय झोपला की त्याला चिमटा काढून बघतो ना, तसं मी स्वतःला हे सांगून बघतोय.

म्हणून एकदाच सरळ विचारतो. अडीच हंगाम तू माझे चेंडू पकडलेस. माझ्या हातात काही खोट दिसली असेल तर सांग.

ऑरिन

•

डनमोर
२२ जुलै १९५८

प्रिय ऑरिन,

नाही. काही खोट नाही. तुझा चेंडू खिळ्यासारखा सरळ जातो, आणि हे मी कोणासमोरही सांगेन.

तू फक्त फेक. विचार करू नकोस. १ तारखेला सगळं जागेवर येईल, का ते विचारू नकोस, पण येईल. आणि उभं राहायची जागा अजिबात बदलू नकोस, हे परत सांगतोय.

आर्डिस येईल. तिला मी ओळखतो. तिने तुला सोडायचं ठरवलं असतं तर शर्टांना इस्त्री केली नसती.

तुझा,
लायल

•

डनमोर
२२ जुलै १९५८

ड्युएन पिकेट यास,

तुला मी ओळखतो आणि तूही मला थोडाफार ओळखतोस, म्हणून स्पष्ट लिहितो. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

ऑरिनचा वेगवान चेंडू तो जिथे बघतो तिथे जात नाही. प्रत्येक वेळी त्याच्या उजव्या हाताला चार बोटं सरकतो. कमी नाही, जास्त नाही. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मग मी काय करायचो ते ऐक. मला चेंडू जिथे हवा असेल, त्याच्या चार बोटं त्याच्या डावीकडे मिट दाखवायचो. तो ते बघून फेकायला सुरुवात करायचा. मग त्याची मान दुसऱ्या बेसकडे वळायची. तेवढ्या वेळात मी मिट खऱ्या जागी आणायचो. तो परत बघेपर्यंत चेंडू मिटमध्ये. मिट हललं नाही असं त्याला वाटायचं, अंपायरलाही वाटायचं, आणि माझ्याखेरीज हे कोणालाही ठाऊक नाही.

तुला पुस्तकात शिकवलंय की मिट हलवायचं नाही. तेवढं जरा बाजूला ठेव आणि १ तारखेपासून मी सांगतो तसं कर. थॉर्न तिथे असणार आहे.

ऑरिनला यातलं अवाक्षर सांगू नकोस. पिचरला त्याच्या हाताविषयी हंगामात काही सांगायचं नाही, ही आपल्या कॅचर लोकांची रीत आहे. सांगितलं की तो चेंडू फेकायचा सोडतो आणि हात बघत बसतो. असे दोन पिचर माझ्या डोळ्यांदेखत संपलेत.

लायल ब्रँडवोल्ड

•

कॉलिन्स फोर्क
४ ऑगस्ट १९५८

प्रिय लायल,

१ तारखेचा सामना झाला. चार इनिंग, नऊ वॉक, सात धावा. त्यानंतर स्किप मला काढायला मैदानात आला आणि त्याने माझ्याकडून चेंडू मागितला. मी तो दिला. थॉर्न मधल्या रांगेत बसले होते, ते शेंगदाणे घ्यायला उठले ते परत आलेच नाहीत.

तुला काय झालं ते सांगायला हवं. तू बदलू नकोस म्हणाला होतास, पण मी बदललं होतं. गेल्या आठवड्यात एक दिवस दुपारी मी कुंपणाला ते भोक पाडलेलं ताडपत्रीचं कापड बांधलं आणि एकटाच फेकत बसलो. ओला चेंडू कापडावर जिथे लागतो तिथे डाग राहतो. तासाभराने जवळ जाऊन पाहिलं, तर सगळे डाग भोकाच्या उजव्या कडेला, चार बोटं बाहेर. सगळे एकाच जागी. मी कितीतरी वेळ बघत उभा राहिलो. मग पिचर उभा राहतो त्या टेकाडावरच्या रबराच्या पट्टीवर पाय चार बोटं डावीकडे घेतला. तेव्हापासून चेंडू भोकातून जायला लागला. तीन दिवस जात राहिला.

ड्युएनला सांगितलं नाही. तुला ठाऊक आहे, आपण नवं काही करतोय हे पिचर कॅचरला सांगत नाही, कॅचर बिचकतो आणि मिट घट्ट धरतो. म्हटलं, त्याला थॉर्नसमोर आपोआप कळेल.

पहिला चेंडू फेकला. मान वळवून पाहतो तर ड्युएनचं मिट उलट्या दिशेला, माझ्या डावीकडे धावत होतं आणि अंपायरने चेंडू बाहेरचा ठरवला: बॉल. दुसराही तसाच. मी पाय परत उजवीकडे घेतला, तर पुढचा मधोमध गेला. त्यावर विश्वास बसेना म्हणून अर्धा डावीकडे घेतला. तिसऱ्या इनिंगपर्यंत मला माझे पाय कुठे आहेत तेच कळत नव्हतं. क्रोगरने सहाव्या वॉकनंतर घंटा वाजवायची थांबवली. ती वाजत होती तेच बरं होतं.

म्हणजे कापडावरचे डागसुद्धा खोटे. माझ्या हाताला आता कुठलीच जागा उरलेली नाही. हे मी अगदी शांतपणे लिहितोय, कारण मी शांत आहे. त्या संध्याकाळी मी स्वतःला वरच्या रांगेतून बघत होतो. कोणीतरी उंच माणूस चेंडू फेकत होता, आणि तो लवकर घरी जाईल तर बरं असं वाटत होतं.

ऑरिन

•

कॉलिन्स फोर्क
७ ऑगस्ट १९५८

ब्रँडवोल्ड साहेब यांस,

तुमचं पत्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे फाडलं. १ तारखेला तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं. मिट डावीकडे दाखवायचो आणि त्यांची मान वळली की खऱ्या जागी आणायचो. माझ्याकडून त्यात काही चुकलं नाही, हे मला आधी सांगायचं आहे.

पण काल बसमध्ये ऑरिन स्किपला सांगत होते की त्यांनी आठवडाभर आधीच पाय डावीकडे घेतला होता. मी मागच्या सीटवर होतो. त्यांनी आपली चार बोटं भरून काढली होती आणि मी वर आणखी चार बोटं घातली होती. त्या दिवशी ते जिथे मी दाखवलं तिथेच फेकत होते. नऊच्या नऊ वॉक माझ्या मिटने दिले. मी जर शिकवल्याप्रमाणे पुतळ्यासारखा बसलो असतो तर ते जिंकले असते.

मी ऑरिनना सगळं सांगितलं. तुमचं पत्र, अडीच हंगाम, सगळं. मला रीत ठाऊक आहे, पण मला ते जमलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, “ती खिडकी जरा उघडतोस का?” मी उघडली. उतरताना मला म्हणाले, तू चांगला कॅचर आहेस. ते टोचून म्हणाले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

स्किपला मी सांगितलं. ते म्हणाले, थॉर्नचा कागद मुख्य कचेरीत गेलासुद्धा, आणि तिथे कारणं वाचत नाहीत.

आपला,
ड्युएन पिकेट

•

डनमोर
१३ ऑगस्ट १९५८

प्रिय ऑरिन,

ड्युएनने लिहिलं. तीन दिवस हे पत्र मांडतोय आणि मोडतोय.

तू मला शिव्या घातल्या असतील तर त्या बरोबर आहेत. पण माझंही ऐक. मी तुझ्याशी खोटं बोललो नव्हतो, निदान सुरुवातीला नाही. छप्पनच्या मेमध्ये तू आलास तेव्हा तुझा चेहरा असा होता की कोणी मोठ्याने शिंकलं तरी तू टेबॉर क्रीकची बस धरशील. मी मिट सरकवलं. तू जिंकलास. पुढच्या वेळी परत सरकवलं. मग पेपरात आलं, ‘टेसारचा चेंडू जिथे बघतो तिथे जातो’. ते वाचून तू तीन दिवस शीळ घालत फिरत होतास. त्यानंतर कुठल्या दिवशी सांगायला हवं होतं ते तू मला सांग. मला असा एकही दिवस सापडला नाही.

मला वाटायचं मी तुला पाठीवर घेतलंय. एकदा पाठीवर घेतलं की मध्येच उतरवता येत नाही.

आणि १ तारखेचं म्हणशील तर, जागा बदलू नकोस हे मी तुला दोनदा लिहिलं होतं. का, ते लिहिलं नाही. तेवढी एक ओळ लिहिली असती तर तू आज कुठे असतास हे मला ठाऊक आहे. मला झोप लागत नाही.

काहीतरी लिही. चार शब्द लिही.

लायल

•

डनमोर
३० ऑगस्ट १९५८

प्रिय ऑरिन,

उत्तर नाही. स्किपकडून कळलं की १८ तारखेला तुला मोकळं केलं.

आता नीट वाच. मी आमच्या मॅनेजरला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग विचार करायला लागला. म्हणतो, मार्चमध्ये त्याला घेऊन ये, पकडणारा तू असशील तर मी त्याला ठेवतो. माझ्या शब्दावर, ऑरिन. एक खोली मिळून घेऊ, आर्डिसलाही आण. तू फेक, मी मिट कुठे न्यायचं ते बघतो. परत नऊ-दोन, परत पंधरा वॉक. आता तर तुझ्यापासून काही लपवायलाही नको.

फक्त हो म्हण.

लायल

•

टेबॉर क्रीक, नेब्रास्का
११ सप्टेंबर १९५८

लायल,

ही मी, आर्डिस. तुझी दोन्ही पत्रं आली आणि त्याने ती वाचली. मग साखरेच्या डब्यामागे ठेवून दिली, जिथे आम्ही विजेची बिलं ठेवतो.

तो दुधाची गाडी चालवतो. पहाटे उठतो, कॅन चढवतो, उतरवतो, कोणाशी वाकडं बोलत नाही. माझे वडील म्हणतात, इतका चांगला माणूस आजवर ठेवला नव्हता. चर्चमधल्या बायका म्हणतात, आर्डिस, तुझ्या मनासारखं झालं. माझ्या मनासारखं झालं खरं, आणि मी रात्रंदिवस त्या माणसाचं तोंड बघते ज्याला सूपमध्ये मीठ नाही हेही कळत नाही. मी मुद्दाम दोनदा मीठ घातलं नाही. त्याने वाटी संपवून थँक्यू म्हटलं.

तू त्याला पाठीवर घेतलं होतंस म्हणे. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं, त्याला पाय आहेत. पण मलाही तोंड नाही बोलायला. मीही त्याला उचलून इथे आणून ठेवलं.

तुझ्यावर त्याचा राग नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. त्याला पत्र लिहू नकोस. थोडे दिवस तरी नको.

आर्डिस

•

टेबॉर क्रीक
२६ ऑक्टोबर १९५८

लायल,

तुझ्या दोन पत्रांचं हे उत्तर. उशीर झाला.

गेल्या रविवारी आर्डिसने माझं जुनं सामान अंगणात आणून टाकलं. म्हणाली, “हे विकायचं की फेकायचं, आज ठरव.” मी म्हटलं, तुला हवं ते कर. तेव्हा ती चिडली. तिने तू माझ्याकडे ठेवून गेलेलं ते पहिल्या वर्षीचं जुनं मिट हातात चढवलं, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि म्हणाली, “फेक.” मी म्हटलं, तुला लागेल. ती म्हणाली, “मला लागलं तर मला कळेल तरी. तुला तर तेही कळत नाही.”

मी फेकला. हळू फेकला, तरी लागणारच. तिने डोळे मिटून घेतले होते आणि भीतीने मिट दगडासारखं एकाच जागी धरलं होतं. चेंडू मिटच्या बाजूने भिंतीवर आपटला. चार बोटं उजवीकडे. मी परत फेकला. चार बोटं उजवीकडे. बादलीतले सगळे चेंडू संपेपर्यंत फेकत राहिलो. भिंतीच्या चुन्यावर एका जागी, बशीएवढ्या जागेत, खड्डा पडला. एकही चेंडू भरकटला नाही, लायल. एकही वर नाही, खाली नाही. कापडावरचे डाग खरे होते.

माझ्या हाताला कायम जागा होती. तुला ती पहिल्या आठवड्यात दिसली. तू जर मला त्या मे महिन्यात सांगितलं असतंस, “ऑरिन, चार बोटं”, तर मी दुपारी पाय सरकवला असता आणि संध्याकाळी ते माझं झालं असतं. तेवढंच काम होतं, एका दुपारचं. तू ते अडीच वर्षं स्वतःकडे ठेवलंस, माझं भलं करतोस असं वाटून. आणि पेपरात माझं नाव आलं की मी तुलाच येऊन वाचून दाखवायचो. तू ऐकून माझी पाठ थोपटायचास.

शेवटचा चेंडू भिंतीवरून उसळून आर्डिसच्या मनगटाला लागला. तिने मला चेकमध्ये दोन शिव्या दिल्या, ज्या मी तिच्या आजीच्या तोंडूनच ऐकल्या होत्या. मी तिचा हात पाण्यात धरला आणि चेंडूंची रिकामी बादली लाथेने उडवली. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, मला राग आलाय. ती रडायला लागली. तुला चमत्कारिक वाटेल, पण तिला आनंद झाला होता.

तर मला तुझा राग आलाय. जूनपासून काही वाटलं असेल तर ते एवढंच. तो अजून उतरलेला नाही आणि मला त्याची घाईही नाही.

तुझ्या मॅनेजरला माझा नकार कळव. तू मिट सरकवशील आणि मी परत नऊ-दोन होईन, हे मला ठाऊक आहे. तसं मला व्हायचं नाही.

मी तुमच्याच लीगमधल्या दुसऱ्या क्लबला लिहिलं, नदीपलीकडच्या. माहिती मागितली होती म्हणून आकडे लिहिले. अडीच हंगामांचे लिहिले नाहीत. ते दोघांचे आहेत, आणि त्यात माझे किती आणि तुझे किती ते आता कोणी वेगळं करू शकणार नाही. फक्त तू गेल्यानंतरचे लिहिले: एक विजय, आठ पराभव, चाळीस इनिंग, एकसष्ट वॉक. खाली लिहिलं, चेंडू चार बोटं उजवीकडे जातो, कारण कळलं आहे, पाय कुठे ठेवायचा तेही कळलं आहे. त्यांनी लिहिलं की असे आकडे स्वतःहून पाठवणारा माणूस आम्ही अजून पाहिला नाही, आपल्या खर्चाने येत असाल तर मार्चमध्ये या, बघू. आर्डिसने तुझं मिट विकून बसचे निम्मे पैसे उभे केले. तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

तुमचा आमच्याशी पहिला सामना ९ मेला आहे, मी तक्ता पाहिला. मला ठेवलं तर त्या दिवशी मी फेकणार आणि कधीतरी तुझी पाळी येईल. तू बॅट घेऊन माझ्या उजव्या हाताला उभा राहशील. मी पाय कुठे ठेवलाय ते तुला तिथून दिसणार नाही, आणि मी सांगणार नाही.

ऑरिन